गिरणीच्या भोंग्यावर चालणारे सोलापूर

बाळीवेसकर

सोलापूरच्या जुन्या दिवसांचा विषय निघाला की बोलणे गड्ड्याची यात्रा, शेंगाचटणी आणि चादर या तीन ठिकाणी फिरून थांबते. त्याला माझी हरकत नाही, पण या धाग्यावर सणासुदीपेक्षा रोजच्या दिवसाविषयी वाचायला मिळावे अशी इच्छा आहे. साधारण १९५५ ते १९८५ या काळात आपल्या गल्लीतला, वाड्यातला किंवा चाळीतला एक साधा, बिनसणाचा दिवस कसा उगवे आणि कशाकशाच्या हिशेबाने पुढे सरके, हे ज्यांना आठवत असेल त्यांनी तपशिलाने लिहावे.

माझ्या आठवणीतला दिवस भोंग्याने उगवत असे. आमच्या घरातले कोणीही गिरणीत नव्हते. वडील चाटी गल्लीतल्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहीत. तरीही पहाटेचा पहिला भोंगा झाला की आई उठून चुलीतली राख काढी, दुसऱ्या भोंग्याला आम्हा भावंडांची अंथरुणे गोळा होत, आणि सकाळच्या पाळीचे लोक आत गेल्याचा शेवटचा भोंगा झाल्यावरही जो अंथरुणात सापडे त्याची धडगत नसे. भिंतीवर घड्याळ होते, परंतु त्याला किल्ली देण्याचा मान आजोबांकडे होता आणि तेही भोंगा ऐकूनच काटे सारखे करत. शेजारीण दारातून किती वाजले असे विचारत नसे, दुपारचा भोंगा झाला का असे विचारी. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा प्रत्येक गिरणीच्या भोंग्याचा आवाज निराळा, आणि वारा कोणत्या बाजूचा आहे त्यावरून आज कोणता जवळून ऐकू येणार हे आजी अचूक सांगत असे.

नव्या वाचकांसाठी थोडी माहिती देतो. जुनी गिरणी म्हणजे मुरारजी गोकुळदास यांनी १८७० च्या दशकात काढलेली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी. १९४९ साली ती बंद पडली तेव्हा हजारो कामगारांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला, म्हणून जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्याविरुद्ध एका भागधारकाने केलेला दावा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि राज्यघटना लागू झाल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांपैकी तो एक असल्यामुळे कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. सोलापुरात भोंगा वाजणार की नाही, हा प्रश्न त्या वर्षी दिल्लीत विचारला गेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे साठच्या दशकाच्या सुरुवातीला जुनी गिरणी कायमचीच बंद झाली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्यानंतर कित्येक महिने आमच्या गल्लीतली वयस्कर माणसे त्या ठरावीक वेळेला बोलता बोलता थांबत.

साखरपेठ

बाळीवेसकरांनी गावाच्या त्यांच्या बाजूचे लिहिले आहे, म्हणून आमच्या पूर्व भागाचे लिहितो. भोंगा आम्हालाही ऐकू येई, पण आमचा दिवस त्यावर चालत नसे, तो मागावर चालत असे.

वडिलांचा खड्डामाग घराच्या पुढच्या खोलीत होता. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जमिनीत हातभर खोल खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसणार, पायाने खालच्या पट्ट्या दाबणार आणि हाताने धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारे साधन, फेकणार. खोलीचा निम्माअधिक भाग मागाने व्यापलेला, उरलेल्या जागेत आम्ही सात जण. आई आणि आजी राहाटावर धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरत, आणि शाळेतून आल्यावर ठरलेल्या कांड्या भरून झाल्याशिवाय आम्हाला खेळायला सोडत नसत. धोट्यातली कांडी संपली की वडील मान वर न करता हात मागे करत, आणि त्या हातात भरलेली कांडी पडली नाही तर काय होत असे ते इथे लिहीत नाही.

सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीत एकामागून एक यंत्रमागाचे कारखाने उभे राहिले. पहिल्या रात्री त्या खडखडाटाने झोप लागली नव्हती. वर्षभरात अशी सवय झाली की वीज गेल्यावरच जाग येई. वडिलांनी माग विकला आणि दुसऱ्याच्या कारखान्यात चादरीच्या मागावर उभे राहू लागले. बसून विणणारा माणूस म्हातारपणी उभा राहिला, एवढाच फरक मला त्या वयात कळला. पगार आठवड्याला आणि तोही उताऱ्यावर, म्हणजे जेवढे विणले तेवढ्याचा. जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, चढवायच्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या झिजल्या की टाकून देत, त्या आम्ही वह्यांना पुठ्ठे म्हणून लावत असू. माझ्या इतिहासाच्या वहीवर अर्धा मोर होता, असे मी वर्गात सांगत असे, कारण त्या भोकांतून मोर विणला जाई हे मला ठाऊक होते आणि मास्तरांना पटत नव्हते.

घरात तेलुगू, शाळेत मराठी, किराणा दुकानात कन्नड आणि मागच्या बोळात दख्खनी उर्दू, असा आमचा व्यवहार होता. चार भाषा येतात याचे आम्हाला कौतुक नव्हते. उधारी मागायला त्या लागतच. वर्षातून एकदा नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांच्या रथोत्सवासाठी सगळे माग बंद राहत, आणि त्या एका सकाळी कन्ना चौकातसुद्धा माणसांचे बोलणे स्पष्ट ऐकू येई.

पुण्यातला सोलापूरकर

फार सुंदर धागा. आमचे आजोबा नरसिंग गिरजीत होते. त्यांचा डबा पोचवायला मी आजीबरोबर जात असे. फाटकाबाहेर कितीतरी बायका फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन बसलेल्या असत आणि सुट्टी झाली की कोणाची भाकरी कोणती यात कधीही घोटाळा होत नसे. ते दिवस खरोखर सुखाचे होते. माणसे गरीब असतील, पण समाधानी होती. आजच्या पिढीला त्याची कल्पना येणार नाही.

नीलमनगर

वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या तीन वाक्यांविषयी मला थोडे लिहायचे आहे. लेखकाचा हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही, त्यामुळे कृपया राग मानू नये.

माझी आई विडी कामगार होती, आजीही होती. भोंग्याने पाळी सुरू होते आणि भोंग्यानेच संपते. आईच्या कामाला असा भोंगा नव्हता, तिच्या दिवसाचे माप हजाराचे होते. सकाळी ती कारखान्यात जाऊन आदल्या दिवशीच्या विड्या देई आणि नव्या विड्यांसाठी पान, तंबाखू आणि सूत मोजून घेऊन येई. घरी आल्यावर पाने भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायची, मऊ झाली की पत्र्याचा तुकडा वर ठेवून कात्रीने एकसारखी कापायची, मग मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचे. पानात चिमूटभर तंबाखू, बोटांच्या टोकांनी गुंडाळी, तोंड आत दुमडायचे, सूत बांधायचे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा आणि चाळीस कट्टे म्हणजे हजार. तोंडे दुमडण्याचे काम आम्हा मुलींकडे असे, कारण लहान बोटांनी ते लवकर होते. मी पाढे विड्यांवर शिकले आहे आणि आजही पंचविसाचा पाढा मला सर्वांत आधी आठवतो.

दुसऱ्या दिवशी तपासणारा माणूस कट्टे हातात घेऊन दाबून पाही आणि त्याला पसंत न पडलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढी. छाटीची मजुरी मिळत नसे. पान खराब निघाले तरी हजार भरून द्यावेच लागत, त्यामुळे कमी पडलेली पाने आई बाजारातून स्वतःच्या पैशाने आणी. त्या कारखान्याचे नाव मी घेणार नाही. गल्लीतल्या इतर बायकांचे अनुभवही फारसे निराळे नव्हते. विडी आणि सिगार कामगारांसाठीचा कायदा १९६६ साली झाला, पण कायदा कागदावर येणे आणि आईच्या हातात ओळखपत्र पडणे यांच्यामध्ये माझे सगळे शिक्षण होऊन गेले. ते कार्ड मिळाल्यावर दवाखाना आणि मुलांची शिष्यवृत्ती या गोष्टी सुरू झाल्या, आणि धाकट्या भावाला त्याचा लाभ झाला.

आई समाधानी होती का, हे मला माहीत नाही, तिला कोणी विचारले नव्हते. तंबाखूच्या धुळीने ती रात्रभर खोकत असे. मात्र दुपारी चार-पाच जणी एका ओसरीवर बसून विड्या वळत, त्या वेळी जे हसणे चाले, तेलुगूतून जी गाणी म्हटली जात आणि गावातल्या प्रत्येक घराची जी चिरफाड होई, त्यातही ती मनापासून होती. दोन्ही गोष्टी एकाच ओसरीवर घडत होत्या. आठवणी लिहायच्या तर दोन्ही लिहाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.

बाळीवेसकर

नीलमनगर, आपण जे लिहिले आहे ते या धाग्याला हवेच होते. त्याला जोडून आणखी एक गोष्ट नोंदवतो. भोंग्याच्याही आधी, अंधार असतानाच, आमच्या वाड्याच्या मागच्या बोळातून टोपलीचे संडास साफ करणारी माणसे येऊन जात. आम्हाला त्यांचे चेहरे माहीत नव्हते, कारण त्या वेळी कोणी मागचे दार उघडू नये असा घराघरांत दंडक होता. जुन्या वाड्यांचे कौतुक करणाऱ्या लेखांत तुळशीवृंदावन असते, झोपाळा असतो, हा बोळ मात्र नसतो.

साखरपेठ यांनी आठवड्याच्या पगाराचा उल्लेख केला, त्यावरून आठवले. गिरण्यांचा पगार झाला की दोन दिवस नवी पेठ, टिळक चौक आणि मधला मारुती या भागात पाय ठेवायला जागा नसे. आमचे वडील त्या दिवसांत रात्री उशिरा येत, कारण पेढीवर उधारीच्या वह्या उघडलेल्या असत. कामगार येऊन मागचे थोडे भागवी, नवे थोडे नेई, आणि वहीतला आकडा साधारण तेवढाच राही. वडील म्हणत की सोलापूरची सगळी बाजारपेठ गिरणीवाल्याच्या शब्दावर उभी आहे. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात थांबल्यावर कितीतरी दुकानांत त्या वह्या नुसत्याच पडून राहिल्या.

माळवद

मी उन्हाळ्याविषयी लिहिते, कारण सोलापूरचा उन्हाळा वगळून सोलापूरचा दिवस पूर्ण होत नाही.

आमचे घर धाब्याचे, म्हणजे वर सपाट माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा चिपाट्या, त्यांवर मातीचा जाड थर. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा चाळिशीच्या पुढे गेला तरी आतली खोली सोसवेल इतकी असे, आणि ते श्रेय त्या मातीचे. पावसाळ्याच्या आधी माळवदावर नवी पांढरी माती टाकून ती चोपून बसवावी लागे. गाढवांच्या पाठीवरून माती विकायला येत, आणि भाव ठरवण्यात आजीची अर्धी सकाळ जाई. ज्या वर्षी हे काम लांबे, त्या वर्षी पहिल्याच मोठ्या पावसात घरभर भांडी मांडून ठेवावी लागत. उतारावरून पाणी नीट जावे म्हणून पावसात पोते डोक्यावर घेऊन वर चढणे आणि फुटलेली जागा पायाने दाबणे, हे थोरल्या मुलाचे काम असे.

मे महिन्यात संध्याकाळी माळवदावर पाणी शिंपडायचे, रात्री अंथरुणे वर न्यायची. सगळ्या गल्लीची माळवदे एकमेकांना लागून, त्यामुळे झोपेपर्यंत बोलणे या घरापासून त्या घरापर्यंत पोचत असे. कोणत्या घरी भांडण आहे हे लपून राहत नसे. आज ज्याला एकोपा म्हणतात त्यात या सक्तीचा वाटा बराच होता, असे माझे मत आहे.

शिंपडायला पाणी असे ते बऱ्या वर्षी. १९७२ च्या दुष्काळात पिण्याचे पाणीसुद्धा मोजून होते. त्या वर्षी रेशनवर मिलो मिळत असे, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. मालदांडी ज्वारीच्या पांढऱ्या, गोडसर भाकरीवर वाढलेल्या आमच्या जिल्ह्याला ती भाकरी उतरेना, थापताना तिला भेगा पडत, पण दुसरे काही नव्हते. शाळेत सुकडी वाटत असत आणि ती मात्र आम्हाला फार आवडे. आमचे चुलते खेड्यात होते; ते आणि काकू दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, त्यानंतर जिल्ह्यात ऊस आला आणि पुष्कळ काही बदलले. शहरातले नळ मात्र रोज वाहू लागले नाहीत, हे इथे सर्वांना माहीत आहे.

साखरपेठ

माळवदताईंनी रात्रीच्या बोलण्याचे लिहिले, आमच्याकडे रात्रीची करमणूक म्हणजे चित्रपट. भागवत टॉकीजच्या एकाच आवारात एकापेक्षा अधिक पडदे होते, त्यामुळे एका खेळाचे तिकीट मिळाले नाही तर रांगेतला माणूस घरी न जाता दुसऱ्या खिडकीवर जाई. पूर्व भागातल्या टॉकीजमध्ये तेलुगू चित्रपट लागत आणि ज्यांना अक्षरही कळत नसे असे आमचे मराठी मित्र शेवटच्या मारामारीसाठी येऊन बसत. पगाराच्या आठवड्यात शेवटचा खेळ भरलेला असे, एवढे सांगितले की पुरे.

बाळीवेसकर

मी सण टाळावेत असे म्हणालो होतो, पण गड्ड्याविषयी एक मुद्दा रोजच्या जगण्याचाच आहे म्हणून लिहितो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे असतात, हे सगळे छापून येते. छापून न येणारी बाब अशी की, गावातले वर्षाचे व्यवहार गड्ड्याला बांधलेले असत. घरभाडे वाढवणे, नवा बैल घेणे, मुलीचे बघणे, उधारी मिटवणे, या सगळ्यांना गड्ड्यानंतर बघू हे उत्तर होते. अक्षता सोहळ्यासाठी, म्हणजे यात्रेतल्या सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहासाठी, पांढरी बाराबंदी घालणारे आमच्या शेजारचे अण्णा एरवी वर्षभर गिरणीत तेलकट कपड्यांत असत. त्या दिवशी त्यांना ओळखायला आम्हाला क्षणभर लागे. आणि यात्रेच्या तोंडावरच १२ जानेवारी येते. १९३१ साली त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिले गेले. १९३० मध्ये सोलापुरात लागलेला मार्शल लॉ पाहिलेले आमचे आजोबा त्या दिवशी सकाळी चहा घेत नसत. कारण कधी सांगितले नाही, आणि विचारण्याची आमची छाती नव्हती.

पुण्यातला सोलापूरकर

नीलमनगर अक्का, आपला प्रतिसाद मी घरी सर्वांना वाचून दाखवला. आजोबांविषयी वडिलांना विचारल्यावर कळले की ते कित्येक वर्षे बदली कामगार होते; रोज पहाटे फाटकावर जाऊन उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. ज्या दिवशी आम्ही भाकरी घेऊन जात असू ते काम मिळालेले दिवस होते. हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक विचारायचे होते. आजीच्या गाठोड्यात कडक भाकरी असे आणि ती कितीतरी दिवस टिके. पुण्यात विकत मिळते ती मऊ पडते किंवा तेलकट लागते. घरी करता येईल का?

नीलमनगर

करता येते, पण घाई चालत नाही. आजोबांचे लिहिलेत ते बरे केलेत. आमच्या गल्लीतही दोन घरी बदलीवाले होते आणि त्यांच्याकडे चूल कधी पेटेल हे सकाळी कळत नसे.

भाकरीचे सांगते. ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ ताजे दळलेले घ्यावे, जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही. बाजरीत तीळ आणि थोडे मीठ घालावे. पीठ गरम पाण्यात मळून भरपूर रगडावे आणि भाकरी शक्य तितकी पातळ थापावी. आई इतकी पातळ थापे की खालच्या परातीची नक्षी दिसे. तव्यावर नेहमीसारखी दोन्ही बाजूंनी भाजून घ्यावी, पण फुगू देऊ नये, फुगायला लागली की फडक्याने दाबावी. त्यानंतरचे काम मुख्य आहे. आमच्याकडे चुलीच्या कडेने भाकऱ्या उभ्या करून ठेवत आणि निखाऱ्यांच्या धगीवर त्या सावकाश वाळत. गॅसवर करायची असेल तर आच अगदी मंद ठेवून तव्यावरच उलटसुलट करत राहावे, वाकवल्यावर मोडेल इतकी कोरडी होईपर्यंत. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये, नाहीतर वाफेने मऊ पडते. पुण्याच्या पावसाळ्यात तर डब्याचे झाकण घट्टच हवे. तेल कुठेही लागत नाही. ज्या भाकरीला तेलाचा वास येतो ती आमच्याकडची नव्हे.

खाताना चुरून त्यावर दही आणि शेंगाचटणी घ्यावी. चटणी मिक्सरमध्ये फिरवू नका. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट आणि मीठ खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटावे. पहिल्या खेपेला दोन-तीन भाकऱ्या तव्यावरच मोडतील, त्या आमटीत घालून संपवाव्यात.